गुलाबी बोंडअळीचा पतंग आणि आपले दफ्तर

विदर्भात किंवा मराठवाड्यात ज्याने दोन-चार हंगाम कापूस पिकवला आहे, त्याला गुलाबी बोंडअळीची ओळख करून द्यावी लागत नाही; बोंड फोडल्यावर सरकीला बिलगून बसलेली ती अळी त्याने इतक्या वेळा पाहिलेली असते, आणि तिच्यापायी त्याचे इतके नुकसान झालेले असते, की तिचे वर्णन त्याच्यापुढे करीत बसणे हा त्याच्या दुःखाचा अवमान ठरावा. परंतु ही अळी ज्याची संतती, तो करड्या-तपकिरी रंगाचा, पंख पसरले तरी दीड-दोन सेंटीमीटरांपलीकडे न जाणारा पतंग त्याच शेतकऱ्यापुढे, किंबहुना त्याला सल्ला देणाऱ्या पुष्कळशा मंडळींपुढे, इतर चार तपकिरी पतंगांच्या सोबत ठेवला, तर तो बिनचूक निवडून काढणारी माणसे फार थोडी निघतील. यात कोणा व्यक्तीचा दोष आहे असे मी मानीत नाही. ज्या राज्यात सुमारे ४० लाख हेक्टर जमीन कापसाखाली असते, त्या राज्याने या पतंगाची ओळख आणि त्याच्या वावराची गावनिहाय नोंद ही स्वतंत्र, कायम आणि मानाची कामगिरी आहे असे कधी ठरवलेच नाही, हा खरा दोष आहे. आणि तो दूर करण्याची वेळ कधीच येऊन ठेपली आहे, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम त्या पतंगाकडे जरा नीट पाहू. पुढचे पंख अरुंद, करड्या-तपकिरी रंगाचे, आणि त्यांवर काळसर, ओबडधोबड कडांचे आडवे पट्टे किंवा डाग. मागचे पंख त्यांहून फिकट, रुपेरी झाकेचे, आणि त्यांच्या काठाला लांब केसांची झालर. तोंडापासून निघून डोक्याच्या वर वळलेले दोन लांबट अवयव. आणि शृंगिकेच्या बुडाशी, उजेड तिरपा पडेल असे भिंग धरल्यास दिसणारे, थोडेसे ताठ केस. या शेवटच्या केसांकडे कोणी सहसा लक्ष देणार नाही. परंतु ऑगस्ट बस्क या कीटकशास्त्रज्ञाने १९१७ साली ज्या प्रजातीत हा पतंग घातला, त्या पेक्टिनोफोरा प्रजातीच्या लक्षणांत या केसांना स्थान आहे. पंखांवरचे पट्टे म्हणजे बारीक खवल्यांची मांडणी असते, आणि हे खवले बोटाच्या स्पर्शानेही निघून येतात. म्हणून सापळ्याच्या पिशवीत दोन-तीन दिवस फडफडून मेलेला पतंग बाहेर काढला, म्हणजे पट्टे विरून गेलेले, झालर झडलेली, आणि एक सरसकट मातकट रंग तेवढा शिल्लक, अशी त्याची अवस्था असते. अशा वेळी निर्णय द्यायचा तर त्याच्या उदराचा शेवटचा भाग दाहक क्षारात भिजवून, स्वच्छ करून, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या जननेंद्रियांची घडण तपासावी लागते. हे काम शिकण्यास अवधी लागतो, हात स्थिर असावा लागतो, आणि शेजारी खात्रीने ओळखलेले नमुने तुलनेसाठी असावे लागतात.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या किडीच्या जीवनक्रमातच आहे. मादी आपली अंडी पात्यांवर, फुलांवर, आणि पुढे कोवळ्या बोंडांच्या बुडाशी पाकळीवजा आवरणाच्या आडोशाला घालते. चार-पाच दिवसांत अंड्यातून अळी निघते आणि थोड्याच वेळात बोंडात शिरते. आणि ज्या छिद्रातून ती शिरते ते छिद्र बोंड वाढता वाढता बुजून जाते. त्यानंतर बाहेरून पाहणाऱ्याला बोंड हिरवेगार आणि निरोगी दिसत राहते. आत मात्र अळी एक सरकी पोखरून दुसरीत जाते, पुष्कळदा दोन सरक्या धाग्याने एकत्र जोडून त्यांत राहते, आणि रुईला डाग पडून तिची प्रत खालावते. हिरवी बोंडअळी अंगावर येऊन खाते, तिची विष्ठा दिसते, तिने पाडलेले भोक दिसते. हिचे तसे काहीच दिसत नाही. हंगामाच्या आरंभी पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारख्या झालेल्या डोमकळ्या तेवढ्या सावध माणसाला इशारा देतात, परंतु पुढे बोंडांचा भर आला की तीही खूण अपुरी पडते. वेचणीच्या वेळी कवडी कापूस हाती येतो तेव्हा शेतकऱ्याला कळते. आणि तेव्हा कळून करण्यासारखे काही उरलेले नसते. तात्पर्य, वेळेवर दिसणारा असा या किडीचा एकच अवतार आहे, तो म्हणजे पतंग. आणि तोही रात्री हिंडणारा.

म्हणूनच कामगंध सापळ्याची योजना निघाली. मादी ज्या गंधाने नराला बोलावते, त्या गंधाची रासायनिक घटना १९७३ साली निश्चित झाली, आणि गॉसिप्लुअर या नावाने तो गंध कृत्रिम रीतीने तयार होऊ लागला. हेक्टरी पाच सापळे लावावेत, रोज सकाळी त्यांतील पतंग मोजावेत, आणि सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडल्यास फवारणीचा विचार करावा, हा आता सर्वमान्य झालेला दंडक आहे. या दंडकाविषयी मला आदर आहे. तो मेहनतीने ठरवलेला आणि उपयोगी आहे. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती अशी की मोजणाऱ्याला काय मोजायचे ते ठाऊक आहे. आता योग असा, की गॉसिप्लुअर हे दोन जवळजवळच्या द्रव्यांचे मिश्रण आहे, आणि त्यांतील एक द्रव्य साठवणीच्या धान्यात राहणाऱ्या एका पतंगाच्या मादीचाही कामगंध आहे. हा धान्यातला पतंग, सायटोट्रोगा सेरेअलेला, त्याच कुळातला, साधारण त्याच बांध्याचा आणि पिवळट तपकिरी रंगाचा. ज्या घराच्या एका खोलीत गहू-मक्याची पोती आहेत आणि परसापलीकडेच कापसाचे वावर आहे, तेथे त्याचा नर कापसाच्या सापळ्याकडे ओढला जाण्याचा संभव उघड आहे. भिंगाखाली पाहिल्यास त्याच्या पुढच्या पंखांवर बोंडअळीच्या पतंगाचे काळसर पट्टे नसतात आणि मागच्या पंखाचे टोक एकदम निमुळते होऊन पुढे आलेले असते. पण भिंगच नसेल, आणि असले तरी काय पाहायचे ते कोणी शिकवलेले नसेल, तर वहीत आठाचा आकडा पडतो, फवारणी होते, पैसा जातो, मित्रकीटक मरतात. किंवा याउलट, खवले झडलेला खरा पतंग “दुसराच काही” म्हणून सोडून दिला जातो आणि आठाच्या जागी पाच लिहिले जातात. दोन्ही प्रकारांत वही भरलेली असते, रकाने पूर्ण असतात, आणि ज्ञान शून्य असते.

या पतंगाचा शास्त्रीय इतिहास आपल्या अगदी निकटच्या भूमीत सुरू झाला, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात ठेवावी. मुंबई इलाख्यातील भडोच येथे त्या काळी सरकारने अमेरिकन कापसाच्या लागवडीचे प्रयोग चालवले होते. १८४२ साली तेथील पिकाचा या किडीने विध्वंस केल्यावर तिचे नमुने विलायतेस रवाना झाले, आणि विल्यम विल्सन सॉन्डर्स याने पुढल्या वर्षी लंडनच्या कीटकशास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे तिचे वर्णन करून तिला गॉसिपिएला हे नाव दिले, जे आजतागायत कायम आहे. त्या वर्णनाबरोबर भडोचहून गेलेली जी हकीकत छापली गेली, तिचे मला विशेष कौतुक वाटते. अळी सरकी खाते, बोंड उकलण्याच्या सुमारास बाजूला गोल छिद्र पाडते, जमिनीवर उतरून मातीत सुमारे इंचभर खोल जाते आणि पातळ कोश विणते, इतका तपशील तर तिच्यात आहेच. शिवाय नदीकाठच्या हलक्या गाळजमिनीतील अमेरिकन कापूस या किडीने फार नासवला, परंतु काळ्या जमिनीतल्या कापसाला तिने स्पर्शही केला नाही, हेही नोंदवलेले आहे. म्हणजे कीड कोणती, पीक कोणत्या वाणाचे, जमीन कोणती, ठिकाण कोणते आणि वर्ष कोणते, या पाचही गोष्टी पहिल्याच नोंदीत आल्या. पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी, टपाल आठवडे घेत असताना, एका कामदाराने ही दृष्टी दाखवली. आपल्या हातात असलेल्या साधनांच्या मानाने आपली नोंद त्याहून किती पुढे गेली आहे, याचा प्रत्येकाने आपापल्या तालुक्यापुरता विचार करावा.

पुढे हा पतंग जगभर पसरला, आणि तो स्वतःच्या पंखांनी फारसा नव्हे, तर सरकीच्या पोत्यांतून. हंगामाच्या अखेरीस याच्या काही अळ्या कोशात न जाता सरकीत किंवा वाळलेल्या बोंडात निद्रिस्त होऊन महिनोन्‌महिने काढतात, आणि अशी सरकी ज्या बंदरात उतरते तेथे त्या उतरतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो भारतातून गेलेल्या कापसाबरोबर आणि सरकीबरोबर ईजिप्तमध्ये पोहोचला; ईजिप्तच्या बियाण्याबरोबर १९११ च्या सुमारास मेक्सिकोत आणि तशाच मार्गाने ब्राझीलमध्ये गेला; आणि मेक्सिकोतून तेलगिरण्यांसाठी आणलेल्या सरकीबरोबर १९१७ साली टेक्सासात सापडला. नकाशावर या ठिकाणांना जोडणारी रेघ ओढली, तर ती वाऱ्याची दिशा दाखवीत नाही, व्यापाराची दाखवते. आणि याच काळात ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात जी गुलाबी अळी सापडत होती, ती हीच असावी असा समज होता. १९२६ साली हॉल्डवे याने बारकाईने तपासणी करून ती निराळी जाती असल्याचे दाखवले आणि तिला स्क्युटिजेरा हे नाव दिले. वरवर पाहता दोघी एकच. अवयवांच्या घडणीत भेद. परंतु हा भेद कळल्याबरोबर बंदी कोठे घालायची, तपासणी कोणत्या सीमेवर करायची, कोणता प्रदेश बाधित आणि कोणता निर्वेध, हे सारे प्रश्न नव्याने मांडावे लागतात; कारण एका जातीचा नकाशा म्हणून जो काढला होता, तो दोन जातींचा निघाला. जातीची निश्चिती हा केवळ पंडितांचा विषय आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घ्यावे.

टेक्सासात पतंग सापडल्यापासून अमेरिकेने त्याच्याशी जो शंभर वर्षे लढा दिला, त्याचा सगळा इतिहास येथे देण्याचे प्रयोजन नाही. एकच अंग मी सांगतो, कारण ते आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. कॅलिफोर्नियातील सॅन होआकिन खोऱ्याचे रक्षण करण्यासाठी १९६८ पासून तेथे प्रयोगशाळेत वाढवलेले, किरणोत्साराने वंध्य केलेले पतंग विमानांतून सोडण्यात येत, हेतू हा की रानटी पतंगांचा संयोग त्यांच्याशी व्हावा आणि अंडी निष्फळ ठरावीत. मग सापळ्यात जो पतंग सापडेल तो आपण सोडलेला की शेतातला, हे कसे ठरवायचे? त्यासाठी प्रयोगशाळेतल्या अळ्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळीत. तो रंग अळीच्या देहातून पतंगात उतरे, आणि सापळ्यातला पतंग तपासणाऱ्याने चिरडून पाहिला की आतला लाल रंग दिसून उलगडा होई. कोट्यवधींच्या संख्येने सोडलेल्या पतंगांमध्ये एखादा रानटी पतंग शोधून काढणे आणि तो कोणत्या वावरात सापडला याची नोंद करणे, यावर ती सगळी मोहीम उभी होती. बोंडअळ्यांना मारक जनुक घातलेला बीटी कापूस, कामगंध, हंगामानंतर पऱ्हाटी म्हणजे उरलेली झाडे गाडण्याची सक्ती आणि वंध्य पतंग यांच्या संयुक्त बळावर ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेने आपली कापूस-भूमी या किडीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. त्यांची शेते विस्तीर्ण आहेत, कापसाचे प्रदेश वाळवंटांनी विलग झालेले आहेत, आणि आपल्याकडे दोन-तीन एकरांचे धनी शेजारी शेजारी नांदतात; त्यामुळे ते यश जसेच्या तसे येथे उतरेल असे मी म्हणत नाही. मात्र तेथे सापळा तपासणाऱ्या माणसाच्या निर्णयाला जे वजन होते, ते येथेही देता येण्यास शेताचा आकार आड येत नाही.

आता आपल्याकडचा क्रम पाहा. बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचा वाण २००६ साली आला, आणि काही वर्षे बोंडअळ्यांचा उपद्रव खरोखरच ओसरला. त्याबरोबरच सापळे गेले, निरीक्षण गेले, आणि बियाण्याच्या पाकिटासोबत मिळणारे बिगर-बीटी बियाणे कडेने पेरण्याची अट कागदावर राहिली. मार्च २०१० मध्ये त्या तंत्रज्ञानाच्या मालक कंपनीनेच जाहीर केले की गुजरातेतील अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांतील गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला जुमानत नाही. पुढे २०१४-१५ च्या सुमारास गुजरातेतच दोन जनुकांच्या कापसावर ती जिवंत आढळू लागली, आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी प्रतिकारशक्तीच्या या फैलावाचा मागोवा घेतला. जिल्ह्यांची नावे होती, वर्षे होती, दिशा दिसत होती. आणि तरीही २०१७ च्या हंगामात यवतमाळपासून मराठवाड्यापर्यंत बोंडेच्या बोंडे किडकी निघाली, तेव्हा गावोगावचा शेतकरी बेसावध होता. पंचनामे झाले, मदतीचे आदेश निघाले, सरकारी खजिन्यावर भार पडला. आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती, आणि ती सगळी एका पतंगाच्या माथी मारणे सत्याला धरून होणार नाही. परंतु कोणती कीड, किती आणि कोठे, हे ठाऊक नसताना जी भीतीपोटी फवारणी होते, तिचा धोका त्या वर्षाने महाराष्ट्राला दाखवला, आणि तो विसरण्याचा अधिकार आपल्याला नाही.

महाराष्ट्रापुरताच हा प्रश्न राहिलेला नाही. पंजाब, हरियाणा आणि उत्तर राजस्थान या पट्ट्यातील बीटी कापूस बरीच वर्षे गुलाबी बोंडअळीच्या उपद्रवापासून दूर राहिला होता. तेथे ती पुन्हा प्रथम दिसली ती हरियाणातील जींद आणि पंजाबातील भटिंडा या भागांत, जिनिंगच्या आणि सरकीचे तेल काढणाऱ्या गिरण्यांच्या आसपास. आणि २०२१ च्या हंगामात भटिंडा-मानसा भागात तिने मोठे नुकसान केले. मध्य आणि दक्षिण भारतातून गेलेल्या सरकीबरोबर ती तेथे पोहोचली, असा जाणकारांचा निष्कर्ष आहे. भारत ते ईजिप्त हा प्रवास ज्या वाहनाने झाला, त्याच वाहनाने शंभर वर्षांनंतर हा प्रवास झाला. आपल्या गिरण्यांतून भरून निघणाऱ्या सरकीत काय जात आहे, याचे उत्तर देण्याची जबाबदारी म्हणूनच आपल्यावरही येते.

या सगळ्यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो, आणि तो प्रामाणिक आहे. कापूस-उत्पादकाला भाव मिळत नाही, पाणी मिळत नाही, कर्जाचा हप्ता चुकतो. त्याला पतंगाच्या पंखांवरच्या पट्ट्यांचे शिक्षण कशाला? डिसेंबरनंतरही पीक उभे ठेवून तो फरदड घेतो ते अज्ञानाने नव्हे, तर दोन क्विंटल अधिक निघाल्यास मुलीच्या शिक्षणाची किंवा उसनवारीची सोय होते म्हणून; आणि पऱ्हाटीचे ढीग तो बांधावर ठेवतो ते चुलीसाठी. हे सर्व मला मान्य आहे. म्हणूनच ओळखण्याचे ओझे त्याच्या डोक्यावर टाकू नये असे मी म्हणतो. ते शासनाने उचलावे. फरदड ठेवू नका, असा सरसकट उपदेश त्याला दरवर्षी ऐकावा लागतो. त्याऐवजी “तुमच्या शिवारातील सापळ्यांत नोव्हेंबरच्या या आठवड्यात या पतंगाची संख्या इतकी आहे, आणि शेजारच्या मंडळात इतकी आहे” असे त्याला कोणी जबाबदारीने सांगितले, तर तो आपला हिशेब आपण करील. तो हिशेबात कच्चा नाही, त्याला खात्रीचा आकडा मिळत नाही.

आपल्याकडे काहीच नाही असेही नव्हे. सोयाबीनवर अळ्यांनी घातलेल्या धुमाकुळानंतर २००९ साली सुरू झालेली क्रॉपसॅप ही कीड-सर्वेक्षणाची योजना ही महाराष्ट्राने केलेली खरोखर चांगली गोष्ट आहे. ठरावीक गावांतील ठरावीक शेतांची नियमित पाहणी करून सल्ला देण्याची तिची पद्धत इतर राज्यांनीही अभ्यासण्यासारखी आहे. जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावावेत, जूनपूर्वी कापूस पेरू नये, असे कृषी खाते सांगत असते, आणि ते योग्यच सांगते. उणीव आहे ती दोन ठिकाणी. पीक उभे असते तोवर पाहणी चालते; पतंगाचे वर्ष मात्र पिकाबरोबर संपत नाही, ते सरकीच्या ढिगात आणि पऱ्हाटीच्या गंजीत चालूच राहते. दुसरे, पाहणी करणारा कृषी सहाय्यक पन्नास कामांचा धनी असतो. त्याच्या मदतीला, शंका आली तर नमुना पाठवावा आणि दोन दिवसांत लेखी उत्तर यावे, असा ओळख-तज्ज्ञ तालुक्याच्या टप्प्यात नसतो.

असा तज्ज्ञ आकाशातून पडत नाही, तो परंपरेने घडतो. निलगिरीत चहाचे मळे सांभाळणाऱ्या जॉर्ज हॅम्पसनने ब्रिटिश भारतातील पतंगांचे चार खंड १८९२ ते १८९६ या काळात सिद्ध केले. परंतु आपला हा पतंग ज्या कुळातला, ती बारीक पतंगांची कुळे त्या खंडांच्या कक्षेबाहेर राहिली. त्यांतील पुष्कळांची वर्णने पुढे एडवर्ड मेरिक या इंग्लंडमधील शाळामास्तराने, शाळा सांभाळून, हजारोंच्या संख्येने केली. मळेवाला आणि मास्तर यांनी जे केले त्याची थोरवी मोठी आहे; पण आज त्या जागी पगारी, शिकवलेली आणि बढतीची वाट मोकळी असलेली माणसे हवीत. मुंबईत १८८३ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे प्रादेशिक केंद्र आहे, चार कृषी विद्यापीठे आहेत. मे २०१८ मध्ये शिवमोग्याच्या कृषी विद्यापीठातील मंडळींनी मक्यावरची अनोळखी अळी पाहून ती अमेरिकन लष्करी अळी असल्याचे ताडले, त्याची खातरजमा झाली, आणि देशाला वेळेवर सूचना मिळाली. ती कीड थांबवता आली नाही, परंतु ती कोण आहे याविषयी अंधारात चाचपडत एक हंगामही गेला नाही. ओळखणारी माणसे जागेवर असली म्हणजे काय होते, याचा तो दाखला आहे.

तेव्हा करायचे काय? कापूस पिकवणाऱ्या प्रत्येक तालुक्यात एक कायम पद असावे, आणि त्या पदावरील व्यक्तीला कृषी विद्यापीठात निदान सहा महिने पतंग ओळखण्याचे प्रत्यक्ष शिक्षण मिळावे. तिच्या कचेरीत खात्रीने ओळखलेल्या पतंगांची एक पेटी असावी, तीत गुलाबी बोंडअळीच्या पतंगाबरोबर त्याचा भास करून देणारे पतंगही असावेत, आणि प्रत्येकाखाली गाव, तारीख व पीक लिहिलेले असावे. प्रत्येक जिनिंग आणि तेलगिरणीच्या आवारातील सापळ्याचा आकडा बारमाही, म्हणजे मार्च ते जून या ओसाड महिन्यांतही, घेतला जावा, आणि तो जिल्ह्याच्या दफ्तरात बंद न राहता आठवड्याला जाहीर व्हावा. सरकीची गाडी जिल्ह्याबाहेर निघताना तिच्या पावतीसोबत त्या आवाराचा ताजा आकडा जोडावा. पिकाची नोंद करण्यासाठी तलाठ्याच्या पीकपाहणीची यंत्रणा इंग्रजी अमदानीपासून आहे, आणि २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवर ती नोंद करू लागला आहे. कोणत्या गटात काय पेरले हे जर शासनास गटवार ठाऊक असते, तर त्या नोंदीशेजारी पतंगाची नोंद बसवणे अशक्य नाही. यासाठी लागणारा खर्च एका वर्षाच्या पंचनाम्यांच्या आणि नुकसानभरपाईच्या खर्चापुढे किती अल्प असेल, हे वित्त खात्यास मी सांगण्याची गरज नाही. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पदाची कायमता. कारण पतंग ओळखणारी नजर तयार होण्यास वर्षे लागतात, आणि अकरा महिन्यांच्या करारावर नेमलेला माणूस ती नजर कमावतो न कमावतो तोच घरी जातो.

जिनिंगच्या मालकांना, जिल्हा परिषदेच्या सदस्यांना आणि कृषी महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की शासनाच्या हुकमाची वाट न पाहता येत्या हंगामाआधी आपापल्या गावी एवढे तरी सुरू करावे: आवारात सापळा, टेबलावर भिंग, आणि रोज सकाळी भरली जाणारी एक वही, जिच्यात पतंगाच्या संख्येपुढे तो ओळखणाऱ्याची सही असेल.